घाटातल्या बाया

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ह्या वर्षी प्रत्येकीने काही ना काही लिहावयाचे, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी बजावले आहे. कुणी लोणच्यांच्या कृती दिल्या, कुणी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मी सातवी पास. घरखर्चाच्या वहीपलीकडे माझ्या हातून कागदावर कधी काही उतरलेले नाही. म्हणून मी दोनदा टाळले. पण दिवाळीनंतर आमच्या घरची मंडळी आगगाडीने बोरघाट पाहावयास निघणार आहेत, नि त्या प्रवासाची तयारी करता करता घाटाचा जो इतिहास माझ्या कानी आला, तो तुम्हांला सांगितल्यावाचून राहवेना. म्हणून हा खटाटोप. चूकभूल पदरात घ्यावी.

तुम्ही म्हणाल, कल्याणहून लोणावळ्यास जावयाचे, त्यात एवढे काय? खरे आहे. माझे माहेर मावळातले. लग्नाला चोवीस वर्षे झाली. तेवढ्या काळात किती वेळा घाट चढले-उतरले असेन, त्याची मोजदाद नाही. पण खरे सांगते, घाट म्हणून मी कधी पाहिलाच नाही. कर्जत आले की मुलांना गाडी लागे. मग लिंबू शोधा, पाण्याची बाटली काढा, एकाला मांडीवर निजवा, दुसरीला खिडकीतून मागे ओढा. एवढ्यात लोणावळा येई नि पिशव्या उचलाव्या लागत. आपल्यापैकी पुष्कळजणींचा प्रवास असाच होत असेल.

ह्या खेपेची गोष्ट निघाली ती सासूबाईंमुळे. त्या नाशिककडच्या. कसाऱ्याचा घाट त्यांच्या पायाखालचा, पण बोरघाट त्यांनी एकदाच ओलांडला, माझ्या लग्नाच्या वेळी. वऱ्हाड रात्रीच्या गाडीने आले होते, तेव्हा बाहेर काळोखावाचून काही दिसले नाही. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर एके दिवशी त्या म्हणाल्या, “सूनबाई, दिसतंय तोवर तुझ्या माहेरचा घाट एकदा दिवसाउजेडी दाखव.” त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितले नव्हते.

झाले. घरात बेत सुरू झाला. हे म्हणाले, श्रावणात जाऊ, धबधबे असतात. मी म्हटले, पावसात घाटात दरडी येतात, गाड्या खोळंबतात, म्हाताऱ्या माणसाला स्टेशनावर ताटकळत ठेवायचे नाही. दिवाळीनंतर डोंगर हिरवा असतो नि आभाळ मोकळे असते. जाऊबाईंचे म्हणणे, काचेच्या मोठ्या खिडक्यांचा नि काचेच्या छताचा जो डबा २०२१ सालापासून डेक्कन एक्स्प्रेसला लावू लागले, त्यातून जावे. त्याचे भाडे ऐकून मी गप्प बसले. सातजणांचे भाडे म्हणजे महिन्याचा किराणा. शेवटी असे ठरले, की सासूबाईंना खिडकी मिळेल अशी साधी तिकिटे काढावयाची, धपाटे नि दह्याची चटणी घरून न्यावयाची, आणि लोणावळ्याहून माझ्या माहेरी एक रात्र मुक्काम करावयाचा.

तिकिटे काढताना सासूबाईंनी विचारले, “हा एवढा उभा डोंगर. त्यावर गाडी चढवली कुणी?” हे म्हणाले, “इंग्रजांनी.” सासूबाई म्हणाल्या, “इंग्रज काय हातात पहार घेऊन बसला होता?” ह्यावर कुणालाच उत्तर देता येईना. माझी मुलगी कॉलेजात जाते. तिने वाचनालयातून पुस्तके आणली. ती इंग्रजी होती. रोज रात्री भांडी आवरल्यावर ती वाची नि आम्हांला मराठीत सांगे. पंधरा दिवस आमच्या घरी जणू पोथीच लागली होती. त्यातले जे मला उमगले ते लिहिते.

आपल्या देशातली पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, हे आपण शाळेत शिकलो. पुढल्या वर्षी, १८५४ साली, ती आपल्या कल्याणापर्यंत आली. १८५६ साली रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचले. तिकडे वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाली. म्हणजे खाली गाडी, वर गाडी, नि मध्ये डोंगर. जवळजवळ पाच वर्षे हीच अवस्था होती. मुंबईची माणसे खोपोलीस उतरत आणि पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून, नाहीतर आपल्या पायांनी घाट चढत. वर खंडाळ्यास पुन्हा गाडी पकडत. पोटुशी लेक बाळंतपणासाठी माहेरी जावयाची तर तिचे काय होत असेल, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. कर्जतहून खोपोलीस आजही लोकल जाते. ती त्या जुन्या वाटेची आठवण.

घाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. त्या वेळचे रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली ह्यांनी सगळा डोंगर पायी फिरून पुन्हा पुन्हा मोजला होता. सुमारे पंचवीस किलोमीटरांत गाडी अठराशे फुटांवर वर न्यावयाची होती. सगळ्यांत अवघड चढ सदतीसास एक असा होता. मुलीने तो मला दोरीने समजावला. सदतीस हात चालावे तेव्हा एक हात उंच व्हावे, एवढाच तो चढ. आपल्या जिन्याच्या मानाने काहीच नाही. पण आगगाडीची लोखंडी चाके लोखंडी रुळांवर असतात, तेथे एवढा चढही जड जातो. चाक जागच्या जागी फिरते नि उतरताना गाडी आवरत नाही. म्हणूनच आजही कर्जतला पुष्कळ गाड्यांच्या मागे आणखी इंजिने जोडतात. ती मागून ढकलतात. आपण फलाटावर वडे घेत असतो तेव्हा मागे हे काम चाललेले असते.

त्या काळी पंचवीस बोगदे खोदावे लागले, दऱ्यांवर उंच दगडी पूल बांधावे लागले. एका जागी तर कडाच असा आडवा आला, की गाडीला वळावयास जागा नाही. तेथे एक अजब युक्ती केली. गाडी डोंगराच्या एका सपाट नाकावर जाऊन थांबे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावीत नि गाडी उलट्या दिशेने पुढला चढ चढे. मागचा डबा पुढे, पुढचा मागे. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. पुढे १९२९ च्या सुमारास नवा रस्ता काढून ते बंद केले. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली आणि १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली. ही माहिती ऐकताना आमच्या धाकट्याने स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून रिव्हर्सिंग स्टेशन करून दाखवले. सासूबाई पोट धरून हसल्या.

पण हसण्याचा भाग येथेच संपला. “आणि पहार कुणाच्या हातात होती?” हा सासूबाईंचा प्रश्न पुढे होताच.

पहार आपल्याच माणसांच्या हातात होती. घाटावरची, कोकणातली, दूरदूरच्या मुलखांतली. पावसाळ्यात काम बंद राही. पाऊस सरला की माणसे येत नि पुढल्या पावसापर्यंत खपत. १८६१ साली एका वेळी चाळीस हजारांवर माणसे घाटात कामावर होती. कड्याला धरावयास जागा नसे, तेथे माणसांना कंबरेला दोर बांधून वरून सोडीत आणि लोंबकळत त्यांनी सुरुंगाची भोके पाडावयाची. बायका-पोरेही कामावर असत. पुरुषांनी खणावे नि बायकांनी दगड-मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहाव्या, अशी सारी कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरावर पालांत राहात. पाणी धड नाही, स्वच्छता नाही. पटकीची साथ आली म्हणजे माणसे पटापट मरत. सुरुंगाने मेली, दरडीखाली मेली, तापाने मेली. मेलेल्यांचा आकडा हजारांनी सांगतात. त्यांच्या नावांची यादी कोठे नाही.

मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणूनही ही माणसे गांजली होती. १८५९ साली त्यावरून घाटात दंगा झाला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल म्हणून होता. त्याने त्याच वर्षी काम सोडले. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा कंत्राटदार आला. बरोबर त्याची बायको अ‍ॅलिस. येथे पाऊल ठेवून थोडेच दिवस झाले नाहीत तो ट्रेडवेल आजारी पडून वारला.

भगिनींनो, येथे मुलीने पुस्तक मिटून मला विचारले, “आई, तू काय केलं असतंस?” मी म्हटले, “मुकाट्याने परतीच्या बोटीत बसले असते.” परका मुलूख, परकी भाषा, नवऱ्याचे दफन नुकतेच झालेले, नि समोर साथीने पोखरलेला डोंगर. कुणी तिला नावे ठेवली नसती. पण ती बाई गेली नाही. नवऱ्याचे कंत्राट तिने स्वतः पुढे चालवावयास घेतले. अ‍ॅडमसन आणि क्लाउजर नावाचे दोन जाणते इंजिनियर कामावर नेमले नि त्यांच्या मदतीने ते तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या हस्ते घाटाची वाट खुली झाली. ज्यांनी डोंगर मोजला ते बर्कलीसाहेब त्या दिवशी हयात नव्हते. प्रकृती ढासळल्यामुळे ते विलायतेस परतले होते आणि आदल्या वर्षी तेथे वारले.

ज्या काळी पुण्यात मुलींच्या शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण फेकीत, त्याच्या दहा-बारा वर्षांतच शेजारच्या घाटात हजारो माणसांचे काम एका बाईच्या शब्दावर चालले होते, हे ऐकून मी थक्क झाले. मात्र एक गोष्ट तोलून सांगितली पाहिजे. अ‍ॅलिसबाईंनी पाटी उचलली नाही. त्या मालकीण होत्या. हिशेब, करार, माणसांची नेमणूक हे त्यांचे काम, नि ते त्यांनी धीराने केले. त्यांचे नाव निदान पुस्तकात आले. पाटी वाहणाऱ्या बाईचे नाव पुस्तकातही नाही. मला दोघींविषयी सारखेच वाटते, पण जीव तुटतो तो दुसरीसाठी. त्याला कारण आहे.

माझी आजी मावळात आमच्या घरी होती. रात्री घाटाकडे जाणाऱ्या गाडीची शिटी झाली की ती अंथरुणात उठून बसे नि हात जोडी. आम्ही हसत असू. ती सांगे, की तिच्या आजीची सासू ऐन उमेदीत नवऱ्याबरोबर घाटाच्या कामाला गेली होती. पाऊस संपल्यावर दोघे गेली. उन्हाळ्यात ती एकटीच परत आली, कडेवर पोर घेऊन. नवरा पटकीने गेला. त्याला कोठे मूठमाती दिली ते ठिकाणही तिला पुन्हा सापडले नाही, कारण पुढल्या पावसात सगळी पाले वाहून गेली होती. तिचे नाव आजीला ठाऊक नव्हते. घरात तिला “घाटातली” म्हणत, एवढेच. हे खरे किती नि सांगताना वाढलेले किती, ते मला सांगता येणार नाही. कागद नाही. पण पुस्तकातले वर्णन नि आजीचे बोलणे असे जुळले, की वाचन ऐकताना माझ्या हातातले काम थांबले.

आणखी एक गोष्ट सांगते. ती आजवर मी कुणास सांगितली नाही. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढल्या शाळेसाठी लोकलने लोणावळ्यास जावे लागे. मी वर्गात दुसरी आले होते. वडिलांनी म्हटले, वयात आलेली पोर रोज गाडीने एकटी जाणार नाही. आईने मान हलवली. आजी तेवढी म्हणाली, “आपल्या घरच्या बाईनं घाट खणला, तवा ही गाडी आली. पोरीला तिच्यात बसायची भीती कशापायी?” तिचे कुणी ऐकले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शेतावर जाऊ लागले. दहा वाजताची लोकल बांधावरून दिसे. पहिले काही महिने मी तिच्याकडे पाठ करून उभी राहात असे. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी त्यांच्या समजुतीने केले. पण आजीचे ते बोलणे मी तेव्हा म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिले, त्याचे आज वाईट वाटते. घरात माझ्या बाजूने बोलणारी ती एकटी होती, आणि तिच्यापाशी पुरावा होता.

मी हे बोलले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी काही बोलेना. मग सासूबाई उठल्या, माझ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “ही रोज ठाण्यास लोकलने जाते, ते मला आवडत नव्हतं. मीच हिला टोचून बोलत होते. आता नाही बोलणार.” एवढेच. त्यानंतर त्या खरोखरच बोललेल्या नाहीत. उलट सकाळी तिचा डबा त्याच भरतात.

आता बेत थोडा बदलला आहे. आधी फक्त निसर्ग पाहावयाचा होता. आता मुलीने एका कागदावर पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा अशी ठिकाणे ओळीने लिहून काढली आहेत. प्रत्येक ठिकाणी काय झाले ते ती आजीला गाडीतच सांगणार आहे. डोंगर असा, की बांधून झाल्यावरही त्याने सगळे सुखाने नांदू दिले नाही. १८६७ साली घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला. आजही पावसाळ्यात रेल्वेची माणसे रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन रुळांवरून चालत पहारा करतात, सुटलेले दगड आधीच पाडून टाकतात. आपण आत बसून शेंगा खातो, तेव्हा बाहेर भिजत उभा असलेला माणूस दिसला तर मुलांना त्याला हात करावयास सांगावे.

खोपोलीहून वर येणाऱ्या मोटाररस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे, ते तुमच्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. शिंग्रोबा धनगर होता, त्याने साहेबाला घाटाची वाट दाखवली नि त्याचे बक्षीस म्हणून त्याचाच जीव गेला, अशी कथा लोक सांगतात. गाडीवाले तेथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण मला वाटते, ज्यांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत, अशा सगळ्यांसाठी लोकांनी ते एक नाव धरून ठेवले असावे. पाटी वाहणाऱ्या बाईचे देऊळ मात्र मला कोठे दिसले नाही.

म्हणून मी एक ठरवले आहे. हसू नका. मंकी हिल गेले की मी पदरातली चिमूटभर हळद-कुंकवाची पुडी खिडकीतून घाटात सोडणार आहे. ती “घाटातली” विधवा होऊन परतली, तिला कुणी हळद-कुंकू लावले नसेल. सासूबाईंना हे सांगताना मी जरा भीत होते. त्या म्हणाल्या, “दोन पुड्या घे. एक माझ्याकडून.”

भगिनींनो, ह्या वर्षीच्या सहलीसाठी मंडळात महाबळेश्वर की शिर्डी अशी चर्चा चालू आहे. माझी सूचना एवढीच, की एखादे वर्षी आपण सगळ्याजणी मिळून दिवसाच्या गाडीने घाट चढावा. खर्च थोडा. दुपारपर्यंत लोणावळा, संध्याकाळी परत घरी. मुलांना आपापल्या यजमानांच्या हवाली करावे, म्हणजे खिडकीबाहेर पाहता येईल. माहिती सांगावयास माझी मुलगी येईल, मी तिला विचारून ठेवले आहे. आणि ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या तोंडच्या घाटाच्या, धरणाच्या, गिरणीच्या अशा गोष्टी असतील, त्यांनी त्या लिहून काढाव्या. कसेही लिहिले तरी चालेल. मीही सातवीच शिकले आहे.